सेंट्रीचे क्रॅश-मेल: टेस्ट बटण पास, इनबॉक्स रिकामा

सेंट्री हे ॲपमधल्या एरर आणि क्रॅश पकडून टीमला कळवणारं साधन आहे. त्याच्या ईमेल अलर्टबद्दलचं मत आधीच सांगून टाकू. मेल आला की तो उत्तम असतो. कोणती एरर, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर, कोणत्या रिलीजमध्ये, कोणत्या ब्राउझरवर, हे सगळं एका पानात मिळतं. पण तो येणार की नाही, हे तपासण्याची सोय मात्र चार ठिकाणी विखुरलेली आहे. चाचणीची दोन बटणं आहेत आणि दोन्ही दाबली तरी पूर्ण वाट तपासली जात नाही. क्रॅश कळवणाऱ्या साधनात ही उणीव महागात पडते, कारण इनबॉक्स दोन कारणांनी शांत असू शकतो: काही बिघडलेलं नाही, किंवा बिघाड कळवणारी यंत्रणाच बिघडली आहे. नुसतं इनबॉक्सकडे बघून यातलं कोणतं ते ओळखता येत नाही.

एरर होते तिथपासून मेल वाचला जातो तिथपर्यंतचा रस्ता असा. ॲपमध्ये घातलेला सेंट्रीचा कोड, म्हणजे एसडीके, एरर पकडून सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर त्यावर नको असलेल्या एरर गाळणारे इनबाउंड फिल्टर लावतो आणि एकसारख्या एरर एका इश्यूत गोळा करतो. मग अलर्टचा नियम लागू पडतो का ते बघितलं जातं, कोणाला कळवायचं ते ठरतं, त्या माणसाने स्वतःच्या खात्यात मेल बंद केलेत का ते तपासलं जातं. पाठोपाठ आलेले अलर्ट डायजेस्टमध्ये एकत्र बांधले जातात. त्यानंतर मागे चालणारा वर्कर मेल एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या, सर्व्हरच्या हाती देतो आणि शेवटी समोरच्याचा स्पॅम फिल्टर असतो. चाचणी या रस्त्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे करत यावी. मेल बाहेरच पडत नसेल तर नियमांची उलथापालथ करण्यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही.

मेल सर्व्हर: फक्त सेल्फ-होस्टेडवाल्यांसाठी

सेंट्रीची क्लाउड सेवा वापरत असाल तर हा भाग सोडून द्या. स्वतःच्या सर्व्हरवर डॉकर कंपोजने (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरांत चालवणारं साधन) सेंट्री चालवत असाल तर मेलची सगळी मांडणी कॉन्फिग.वायएमएल या फाइलमध्ये असते: होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, कनेक्शन कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस आणि एसएसएल या सेटिंग, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. इथे चार चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली, टीएलएस आणि एसएसएल दोन्ही चालू करणं. दोन्ही एकत्र चालत नाहीत. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल, आणि दुसरं बंद. उलट जोडी लावली की कनेक्शन टाइमआउट होईपर्यंत लटकून राहतं, किंवा एसएसएलची आवृत्ती चुकीची असल्याची एरर लॉगमध्ये दिसते.

दुसरी, होस्टच्या जागी लोकलहोस्ट लिहिणं. मेल सर्व्हर त्याच मशीनवर असला तरी सेंट्री कंटेनरच्या आत चालते, आणि कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथे २५ किंवा ५८७ पोर्टवर कोणीच ऐकत नसतं, म्हणून कनेक्शन नाकारलं जातं.

तिसरी, पाठवणाऱ्याचा पत्ता मूळ अवस्थेत सोडणं. तो रूट ॲट लोकलहोस्ट असतो. मशीनच्या आत तो चालतो, पण बाहेरचे मेल सर्व्हर अशा पत्त्यावरून आलेलं पत्र बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवतात.

चौथी सगळ्यात फसवी आहे. फाइल बदलल्यावर फक्त वेब कंटेनर रीस्टार्ट केला जातो. ॲडमिन विभागात मेलच्या पानावर स्वतःला टेस्ट मेल पाठवण्याचं बटण आहे. ते दाबलं की मेल वेब प्रोसेसमधूनच थेट जातो. तो लगेच पोचतो आणि काम झालं असं वाटतं. पण क्रॅशचे खरे अलर्ट वेब पाठवत नाही. ते वर्कर पाठवतो, आवृत्तीनुसार त्याचं नाव टास्कवर्करही असेल. त्याने सुरू होताना जुनी फाइल वाचलेली असते आणि तो जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. म्हणून बदलानंतर वेब, क्रॉन आणि सगळे वर्कर, असे सगळेच रीस्टार्ट करा. टेस्ट मेल आला पण अलर्ट येत नाही, अशी अवस्था असेल तर नियमांना हात लावण्याआधी वर्करचा लॉग उघडा.

मूळ मांडणीत सेंट्रीसोबत एक्झिम या मेल सर्व्हरचा छोटा कंटेनर येतो आणि तो थेट २५ पोर्टवरून मेल पाठवायला बघतो. बरेच क्लाउड पुरवठादार बाहेर जाणारं २५ पोर्ट बंद ठेवतात. मग सेंट्रीच्या नजरेत मेल गेलेला असतो आणि प्रत्यक्षात तो एक्झिमच्या रांगेत पडून असतो. त्या कंटेनरमध्ये शिरून मेलची रांग बघितली की लगेच उलगडा होतो. कायमस्वरूपी वापरासाठी हा कंटेनर बाजूला ठेवून ५८७ वरच्या अधिकृत रिलेला, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरला, जोडणं बरं.

प्रयोग करताना खऱ्या लोकांच्या इनबॉक्समध्ये कचरा टाकायचा नसेल तर मेलपिट वापरा. हा खोटा मेल सर्व्हर १०२५ पोर्टवर मेल घेतो आणि ८०२५ पोर्टवरच्या वेब पानावर दाखवतो, बाहेर काहीच पाठवत नाही. त्याला सेंट्रीच्याच कंपोज नेटवर्कमध्ये एक सर्व्हिस म्हणून घाला, होस्टच्या जागी त्या सर्व्हिसचं नाव, पोर्ट १०२५, टीएलएस आणि एसएसएल बंद. एक मात्र ध्यानात असू द्या: मेलपिट सगळं काही स्वीकारतो. पाठवणाऱ्याचा चुकीचा पत्ता, डोमेनच्या डीएनएसमधल्या चुका, यातलं काही तिथे उघडं पडत नाही. तो सेंट्रीची बाजू तपासतो, टपालाची नाही.

टेस्ट मेलमधल्या लिंकवर एकदा क्लिक जरूर करा. मुख्य यूआरएलची सेटिंग सर्व्हर उभारताना तशीच राहिली असेल तर मेलमधला इश्यू उघडण्याचा दुवा ९००० पोर्टच्या आतल्या पत्त्यावर जातो आणि घरून काम करणाऱ्याला तो उघडतच नाही. मध्यरात्री क्रॅशचा मेल आल्यावर ही गोष्ट कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी.

नियमातलं टेस्ट बटण काय करतं, काय करत नाही

दुसरं बटण अलर्टच्या नियमात असतं: सेंड टेस्ट नोटिफिकेशन. सेंट्री एक नमुना एरर तयार करते आणि नियमात लिहिलेली कृती पार पाडते. म्हणजे हा मेल कोणाला जातो, कसा दिसतो, एवढं यातून कळतं. नियमातल्या अटी आणि गाळण्या मात्र ती तपासत नाही. नियमात ‘इश्यू एका तासात १०० पेक्षा जास्त वेळा दिसला तर’ असं लिहिलेलं असो किंवा ‘फक्त प्रॉडक्शनमध्ये’ असं, बटण दाबलं की मेल येणारच. त्यामुळे हे बटण पास झालं म्हणजे नियम बरोबर आहे, असा अर्थ काढू नका. बटणाजवळ एक वाक्य लिहून ही मर्यादा सांगता आली असती. ते नसणं ही या साधनावरची आमची पहिली तक्रार.

या बटणाचा खरा उपयोग पत्त्यांसाठी आहे. नवा नियम केला की कळवण्याची मूळ निवड ‘सजेस्टेड असाइनीज’ अशी असते, म्हणजे त्या कोडचे मालक म्हणून नोंदवलेले लोक. कोडची मालकी कुठेच नोंदवलेली नसेल तर पुढचा पर्याय लागू होतो: अलीकडे सक्रिय असलेले सदस्य, प्रोजेक्टचे सगळे सदस्य, किंवा कोणीच नाही. ‘कोणीच नाही’ निवडलेलं असेल आणि मालकही नसतील तर नियम चालू दिसतो, इतिहासात तो लागल्याची नोंदही होते, पण मेल कोणालाच जात नाही. छोट्या टीमने इथे सरळ टीमचं नाव निवडावं. मालकीची नोंद नीट ठेवली असेल तरच पहिला पर्याय कामाचा.

मेल न येण्याचं आणखी एक कारण माणसाच्या स्वतःच्या खात्यात लपलेलं असतं. युजर सेटिंगमधल्या नोटिफिकेशनच्या पानावर इश्यू अलर्ट प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळे बंद करता येतात. प्रत्येक प्रोजेक्टचे मेल कोणत्या पत्त्यावर जावेत, हेही तिथेच ठरतं. शिवाय एखादा नियम फक्त स्वतःपुरता म्यूट करता येतो. दोघांना मेल येतो आणि तिसऱ्याला येत नाही, असं असेल तर सर्व्हर तपासत बसू नका, त्या तिसऱ्याचं पान उघडायला सांगा. आणि चाचणी म्हणून इश्यू स्वतःलाच असाइन करून मेलची वाट बघू नका. स्वतः केलेल्या हालचालीचे मेल स्वतःला येणं मुळात बंद असतं.

खरा क्रॅश घडवताना

इथपर्यंत जे तपासलं ते टपाल. आता पत्र लिहिलं जातं का, हा भाग. यासाठी ॲपमधून खरी एरर पाठवण्याला पर्याय नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. पहिल्यांदा मेल येतो, दुसऱ्यांदा येत नाही, आणि मग ‘हे साधन भरवशाचं नाही’ असा शेरा मारला जातो.

कारण ग्रुपिंग. सेंट्री एरर एकत्र करताना आधी स्टॅक ट्रेस, म्हणजे एररपर्यंत पोचलेल्या फंक्शनांची यादी, बघते. तुम्ही शून्याने भागण्याची एरर एकाच फंक्शनच्या एकाच ओळीवरून दहा वेळा पाठवली तर तो एकच इश्यू, त्यात दहा इव्हेंट. ‘नवा इश्यू तयार झाला तर कळवा’ असा नियम त्यातल्या पहिल्या इव्हेंटलाच लागतो. एररचा मजकूर बदलूनही फरक पडत नाही, कारण स्टॅक ट्रेस असेल तर मजकुराला दुय्यम स्थान आहे.

मग लोक नुसता संदेश पाठवून बघतात, स्टॅक ट्रेसशिवाय. ‘चाचणी १’, मग ‘चाचणी २’, मग ‘चाचणी ३’. तीनही एकाच इश्यूत जाऊन बसतात. संदेशावरून गट करताना सेंट्री त्यातले आकडे, तारखा, लांबलचक ओळख क्रमांक अशा बदलत्या गोष्टी काढून त्यांच्या जागी एकच खूण टाकते. रोजच्या वापरात हे फार शहाणपणाचं आहे, नाहीतर प्रत्येक ऑर्डर क्रमांकाचा वेगळा इश्यू झाला असता. पण चाचणी करणारा मात्र यात हमखास अडकतो, कारण वेगळेपणासाठी तो नेमका आकडा किंवा वेळच जोडतो. शब्द बदला: ‘चाचणी आंबा’, ‘चाचणी फणस’. हे चालतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय फिंगरप्रिंट, म्हणजे एरर कोणत्या इश्यूत जाणार ते ठरवणारी खूण. एसडीकेमध्ये एरर पाठवण्याआधी स्कोपवर (एररसोबत जाणाऱ्या माहितीवर) स्वतःचा फिंगरप्रिंट लावता येतो. त्यात दर चाचणीला नवीन मूल्य घाला, इथे वेळ घातली तरी चालते, कारण तुम्ही स्वतः दिलेलं फिंगरप्रिंट जसंच्या तसं घेतलं जातं. त्यामुळे प्रत्येक चाचणी नवा इश्यू होते आणि नियम प्रत्येक वेळी लागतो.

जुना इश्यू रिझॉल्व्ह करून, म्हणजे सुटला अशी खूण करून, तीच एरर पुन्हा पाठवणं हाही एक मार्ग आहे. इश्यू पुन्हा उघडतो आणि ‘रिझॉल्व्ह झालेला इश्यू परत आला तर’ ही अट तपासली जाते. पण इथे दोन मेलची गल्लत होऊ देऊ नका. इश्यू परत उघडल्याचा मेल त्यात सहभागी असलेल्यांना नियमाशिवायही जातो, तो वर्कफ्लोचा मेल. अलर्टच्या मेलमध्ये तो कोणत्या नियमामुळे आला, त्या नियमाचं नाव लिहिलेलं असतं. नाव दिसलं तरच तुमचा नियम पास. आणि इश्यू काढून टाकताना ‘डिलीट अँड डिस्कार्ड’ चुकूनही निवडू नका. त्यानंतर तशा एरर सर्व्हर घेतो आणि मुकाट्याने फेकून देतो. चाचणीसाठी वापरलेलं फंक्शन पुढे खऱ्या कामात फसलं तर तेही तसंच गडप होईल.

नियमात आणखी एक आकडा असतो: एका इश्यूसाठी ही कृती किती वेळातून एकदा करायची. नवा नियम बनवताना तो ५ मिनिटांपेक्षा बराच मोठा असतो. ‘इश्यू पुन्हा दिसला तर’ अशा अटीची चाचणी करताना पाच मिनिटांनी दुसरी एरर पाठवली तर मेल येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. चाचणीपुरता तो ५ मिनिटांवर आणा, मग परत मोठा करा. परत मोठा करण्याची आठवण नियमाच्या नावातच लिहून ठेवली तर उत्तम.

एरर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, याचीही ठरलेली कारणं आहेत. छोट्या स्क्रिप्टमध्ये एरर पाठवली आणि प्रोसेस लगेच संपली तर मागच्या थ्रेडला पाठवायला वेळच मिळत नाही. बाहेर पडण्याआधी साठलेलं पाठवून टाकणाऱ्या फ्लश या फंक्शनला हाक मारा आणि २ सेकंदांची मुदत द्या. नोड.जेएसमध्ये प्रोसेस हाताने बंद करणाऱ्या कोडमध्ये हे फार घडतं. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलवर एरर फेकून बघणं निरुपयोगी आहे, कारण तिथल्या एरर पानाच्या एरर हँडलरपर्यंत जातच नाहीत. पानावर एक बटण ठेवा आणि त्यातून फेका. ॲडब्लॉकर चालू असेल तर सेंट्रीकडे जाणारी विनंतीच अडते. नेटवर्क टॅबमध्ये ती लाल दिसली की समजा. लोकलहोस्टवरून आलेल्या एरर गाळण्याचा इनबाउंड फिल्टर चालू असेल तर तुमच्या लॅपटॉपवरची प्रत्येक चाचणी वाया जाते. प्रोजेक्टच्या आकडेवारीत ‘फिल्टर्ड’ची संख्या वाढताना दिसली तर हेच कारण.

एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे ॲप कुठे चालतंय (लॅपटॉपवर की खऱ्या वापरात, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये) ते सांगणाऱ्या नावाचा, घोळ उलट्या दिशेने होतो. एसडीकेला एन्व्हायर्नमेंट सांगितलंच नाही तर पायथन आणि जावास्क्रिप्टचे एसडीके ते ‘प्रॉडक्शन’ धरतात. म्हणजे लॅपटॉपवरून फेकलेली चाचणीची एरर प्रॉडक्शनच्या नियमाला लागते आणि रात्रपाळीवरच्या माणसाला मेल जातो. आणि ज्याने शिस्तीत ‘डेव्हलपमेंट’ लिहिलंय त्याची चाचणी प्रॉडक्शनच्या नियमाला कधीच लागत नाही. दोन्ही बाजूंनी एकदा तपासून घ्या. नव्या प्रोजेक्टला आपोआप मिळणारा नियम अलीकडे जास्त प्राधान्याच्या इश्यूंसाठीच असतो, त्यामुळे इन्फो पातळीचा संदेश पाठवून मेलची वाट बघण्यात अर्थ नाही. एरर पातळीवरच पाठवा.

डायजेस्ट: घड्याळ लावून बघा

हा भाग वाचून कळत नाही, करूनच कळतो. वेगवेगळे फिंगरप्रिंट लावलेल्या तीन एरर वीस-वीस सेकंदांच्या अंतराने पाठवा. पहिल्याचा मेल लगेच येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा येत नाही. काही मिनिटांनी एकच मेल येतो, त्यात दोन इश्यूंची यादी. सेंट्री पहिला अलर्ट थेट पाठवते आणि त्यानंतरचे एका मुदतीपर्यंत साठवून एकत्र देते. प्रोजेक्टच्या अलर्ट सेटिंगमध्ये यासाठी दोन सरकपट्ट्या आहेत, कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर. मूळ मूल्यं ५ आणि ३० मिनिटं. चाचणीत ‘दुसरा मेल हरवला’ असं वाटण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे, आणि इतक्या साध्या कारणासाठी लोकांनी एसएमटीपीचे पासवर्ड बदललेले आहेत.

रचना मात्र आम्हाला पटते. डेटाबेस पडला की एका मिनिटात पन्नास वेगळे इश्यू तयार होतात. पन्नास मेल आले असते तर त्यातला कामाचा एक कोणी वाचला नसता. कमीत कमी अंतर १ मिनिटावर आणण्याचा मोह चाचणी संपली की आवरा.

मेल उघडून बघताना

विषयाच्या ओळीत मुळात इश्यूचा छोटा क्रमांक आणि शीर्षक असतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये हा साचा बदलता येतो आणि त्यात टॅगही घालता येतात. एन्व्हायर्नमेंटचा टॅग विषयात घालणं हा दोन मिनिटांचा बदल आहे आणि त्याने मेल न उघडताच कळतं की स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) रडतंय की प्रॉडक्शन. हे मुळातच असायला हवं होतं.

एकाच इश्यूचे मेल सेंट्री एका संभाषणात बांधते, म्हणजे पुढचा मेल आधीच्या मेलचं उत्तर असल्यासारखा पाठवते. वाचायला सोयीचं, पण चाचणीत दुसरा मेल जुन्या संभाषणाच्या आत जाऊन बसतो आणि इनबॉक्समध्ये नवं काही दिसत नाही. मेल आला नाही म्हणण्याआधी प्रोजेक्टच्या नावाने शोधा, आणि मेल क्लायंटमध्ये संभाषण-दृश्य बंद करून बघा.

मेलमध्ये स्टॅक ट्रेसच नाही, नुसतं शीर्षक आणि दुवा आहे, असं दिसलं तर संस्थेच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्स्ड प्रायव्हसी’ चालू आहे का बघा. ते चालू असेल तर कोडचे तुकडे आणि वापरकर्त्याची माहिती नोटिफिकेशनमधून गाळली जाते. याला बिघाड समजू नका. ग्राहकांची नाजूक माहिती हाताळणाऱ्या ठिकाणी ते चालूच ठेवावं, कारण मेल पुढे कोणाकोणाला फॉरवर्ड होतो यावर कोणाचाच ताबा नसतो. बंद ठेवणार असाल तर चाचणीच्या एररमध्ये खोटा ईमेल, खोटा फोन क्रमांक आणि पासवर्ड नावाचं एक फील्ड मुद्दाम घाला आणि मेलमध्ये त्यातलं काय-काय उघडं दिसतं ते बघा. डेटा स्क्रबिंग पासवर्डसारखी नावं ओळखून झाकतं. तुम्ही फील्डला स्वतःचं वेगळंच नाव दिलं असेल तर ते त्याला कळण्याची शक्यता कमी.

स्टॅक ट्रेस आहे पण त्यात एका अक्षराची फंक्शनं आणि एकच भलीमोठी ओळ दिसते, याचा अर्थ सोर्स मॅप (आकसलेल्या कोडची मूळ कोडशी सांगड घालणाऱ्या फाइल) चढवलेले नाहीत. आयओएसला हीच भूमिका डीसिम फाइलची, अँड्रॉइडला प्रोगार्डच्या मॅपिंग फाइलची. सोर्स मॅप नंतर चढवले तरी आलेला मेल सुधारत नाही. म्हणून चाचणी डेव्हलपमेंट बिल्डवर न करता रिलीज बिल्डवरच करा. डेव्हलपमेंट बिल्डचा मेल नेहमीच सुंदर दिसतो.

मोबाइलचं वेगळं गणित

आयओएसवर क्रॅश झाला त्या क्षणी काहीच पाठवलं जात नाही. अहवाल फोनवर लिहून ठेवला जातो आणि ॲप पुन्हा उघडल्यावर जातो. अँड्रॉइडवरच्या नेटिव्ह क्रॅशचंही असंच. चाचणीचा क्रम असा ठेवा: रिलीज बिल्ड फोनवर टाका, डीबगर (चालू कोड तपासण्याचं साधन) तोडा, ॲप होमस्क्रीनवरून उघडा, क्रॅशचं बटण दाबा, ॲप बंद पडलं की पुन्हा उघडा, आणि नेटवर्क चालू ठेवून अर्धा-एक मिनिट थांबा. डीबगर जोडलेला असेल तर क्रॅश आधी तोच पकडतो आणि अहवाल तयारच होत नाही. फायरबेस क्रॅशलिटिक्समध्येही हाच क्रम लागतो, त्यामुळे साधन बदलून ही अडचण टळणार नाही.

याचा मेलवर होणारा परिणाम लक्षात घ्यायला हवा. वापरकर्त्याने ॲप कंटाळून काढूनच टाकलं तर तो क्रॅश कधीच कळत नाही. आणि शुक्रवारी झालेला क्रॅश सोमवारी ॲप उघडल्यावर मेलमध्ये येऊ शकतो. मेल आलेली वेळ आणि इव्हेंटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इश्यूच्या पानावर दुसरी बघा.

शेवटचं दार

मेल सेंट्रीतून सुटला, मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये स्वीकारल्याची नोंद आहे, तरी इनबॉक्समध्ये नाही. स्पॅम फोल्डर बघून झाल्यावर, मेल तिथे सापडला तर त्याचं मूळ रूप उघडा आणि प्रमाणीकरणाच्या निकालाचं हेडर वाचा. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे का हे तपासणाऱ्या दोन पद्धती, यातलं काय नापास झालं ते तिथे लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातलं किमान एक मागतं. सेल्फ-होस्टेड सेंट्रीसाठी पाठवणाऱ्या पत्त्याच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत तुमचा रिले असायला हवा, आणि त्या नोंदीतले डीएनएस शोध १० च्या आत राहायला हवेत. अकरावा झाला की पूर्ण तपासणीच चूक ठरते. कंपनीच्या डोमेनवर आधीच चार-पाच मेल सेवा जोडलेल्या असतील तर ही मर्यादा अचानक गाठली जाते. अलर्टसाठी वेगळं सबडोमेन काढणं सोपं पडतं.

सेल्फ-होस्टेड सेंट्रीची नवी आवृत्ती दर महिन्याच्या १५ तारखेला येते आणि अपग्रेडमध्ये कंटेनरांची नावं, रचना बदलत राहते. त्यामुळे एकदा पास झालेली चाचणी सहा महिन्यांनी खरी असेलच असं नाही. यावर आमचा उपाय असा: एक वेगळं एन्व्हायर्नमेंट, नाव काहीही, समजा ‘कॅनरी’. त्याला स्वतःचा नियम आणि स्वतःचा मेल पत्ता. आठवड्यातून एकदा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम चालवणारी सोय) एक छोटा प्रोग्राम नवीन फिंगरप्रिंटची एरर फेकतो, फ्लश करतो आणि बाहेर पडतो. १५ मिनिटांनी दुसरा प्रोग्राम मेलबॉक्स वाचण्याच्या आयमॅप पद्धतीने तो मेल आला का बघतो, आणि आला नसेल तर ओरडतो, पण मेलने नाही, चॅटवर किंवा एसएमएसवर. ही एरर कोट्यात मोजली जाते, पण महिन्याला चार-पाचच होतात. इश्यूंच्या यादीत त्या साचत जातात, म्हणून कॅनरीसाठी वेगळा प्रोजेक्ट ठेवा आणि त्यात ऑटो रिझॉल्व्ह चालू करा. नेहमीच्या प्रोजेक्टमध्ये ते चालू करू नका, तिथे खरे इश्यूही न सुटता बंद होतील.